जुन्या व्हिडिओ गेमच्या डब्यात कॉम्प्युटर बसवायचाय: आतलं मशीन काढू की ठेवू?

चाळीतला_चष्मिस

नमस्कार मंडळी,

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना पोटमाळ्यावर जुना व्हिडिओ गेम सापडला. १९९५ च्या दिवाळीत मी आणि दादाने फटाक्यांचे पैसे वाचवले, आत्याने वर भर घातली आणि मनीष मार्केटातून तो आणला होता. डब्यावर कंपनीचं नाव कुठेच नाही, नुसतं '९९९९९९ इन १'. मूळचा रंग पांढुरका, आता जुन्या हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखा पिवळा झालाय. दोन रिमोट आहेत, बंदूक आहे, कॅसेट एकच उरलीय. अॅडाप्टर गायब, त्यामुळे चालतो की नाही ते ठाऊक नाही.

आई म्हणाली, भंगारात दे. भंगारवाल्याने हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाला, "वीस रुपये, ते पण तुम्ही ओळखीचे म्हणून." तिथेच ठरवलं, द्यायचा नाही.

डोक्यात असं आहे की याच्या पोटात छोटा कॉम्प्युटर बसवायचा. मुलगा पाचवीत आहे. त्याने त्यावर अभ्यास करावा, थोडं प्रोग्रॅमिंग शिकावं आणि रविवारी आम्ही दोघांनी जुने गेम खेळावेत. लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेला रास्पबेरी पाय ४ (एकाच बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर, ४ जीबीवाला) खणात पडून आहे. डबा बाहेरून साधारण २२ बाय १५ सेंटिमीटर, उंची सहाच्या आसपास.

प्रश्न दोन. पाय पुरेल की दुसरं काही घेऊ? आणि आतलं जुनं मशीन काढून टाकताना पाप लागेल का?

---

टवाळ

पाप लागणार नाही, पण दादाला विचारलंस का? फटाके त्याचेही वाचले होते.

---

पाचव्होल्ट

पाय ४ ला आता वय झालं. मी असतो तर इंटेल एन१०० चा मिनी पीसी घेऊन त्याचा बोर्ड आत बसवला असता. चार कोअर, सहा वॉटचा प्रोसेसर, विंडोज चालतं, मुलाच्या शाळेचं जे काही असेल ते चालतं. मिनी-आयटीएक्स मदरबोर्डच्या नादी लागू नकोस. तो बोर्ड १७० बाय १७० मिलिमीटर आणि तुझा डबा बाहेरूनच १५० रुंद. दरवाजातून कपाट आत जाईना असं होईल.

---

कथीलवाला

चष्मिस, पाय ४ पुरे आहे. बोर्ड ८५ बाय ५६ मिलिमीटरचा. तुझ्या डब्यात तो लोळेल. पाचवीतल्या पोराला पायथन, स्क्रॅच, ब्राउझर आणि जुने आठ-बिटी गेम एवढंच हवंय ना? मग नवीन खर्च कशाला.

आधी डबा उघड. काही जपानी-अमेरिकन मूळ मशीनना वेगळ्या जातीचे स्क्रू असायचे, त्याला खास पाना लागतो. आपल्याकडच्या नकली मशीनला साधे फुलीचे स्क्रू, खाली पाच-सहा असतील, एखादा स्टिकरखाली लपलेला असेल. उघडलंस की फोटो टाक, मग पुढचं बोलू. न बघता ऑपरेशन करायची आपली पद्धत नाही.

---

जुनंतेसोनं

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चालू असलेलं जुनं यंत्र फोडून त्यात कॉम्प्युटर घालणं मला अजिबात पटत नाही. जुन्या रेडिओत ब्लूटूथ स्पीकर, जुन्या शिवणयंत्राचं कॉफी टेबल आणि आता हे. मूळ वस्तू एकदा गेली की गेली. तुमच्याकडे ती चालते की नाही हेसुद्धा अजून पाहिलेलं नाही! आधी अॅडाप्टर मिळवा, चालवून बघा. चालली तर तशीच ठेवा आणि पायसाठी दुसरा मेलेला डबा शोधा. शुक्रवारी सकाळी लवकर चोरबाजारात गेलात तर असे डबे अजून दिसतात.

---

पाचव्होल्ट

@जुनंतेसोनं, काका, हे 'मूळ यंत्र' नाहीच ना. ही नक्कल आहे. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानात १९८३ मध्ये आला, त्याची कॉपी तैवान-चीनवाल्यांनी केली, ती आपल्याकडे मनीष मार्केट, हीरा पन्ना वगैरे ठिकाणी विकली गेली. आत काळा डांबरासारखा ठिपका असेल, त्याच्याखाली सगळी चिप. कोणत्या संग्रहालयात ठेवणार?

---

जुनंतेसोनं

नक्कल म्हणूनच ठेवायची. अस्सल फॅमिकॉम जपानी लोक जपून ठेवतीलच. आपल्या चाळीत जे आलं ते हे आलं. ते आपण नाही ठेवलं तर कोण ठेवणार?

---

शेवटची_कर्जत

काका +१. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये एकाच घरात असा गेम होता. अर्ध्या तासाला एक रुपया आणि त्या मुलाची आई पोळ्या लाटता लाटता घड्याळ बघायची. "झाली वेळ, पुढचा!" कॉन्ट्रा गेममध्ये वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए दाबून तीस लाइफ मिळतात हे ज्याला ठाऊक होतं त्याला जिन्यात मान होता. मला ते इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. आता काय उपयोग.

---

मीराताई_वसई

एक घरगुती प्रश्न. मुलाने अभ्यास करायचा त्याच डब्यावर गेमही असणार? आमच्याकडे टॅबलेटवर हा प्रयोग झाला. अभ्यास हरला.

---

टवाळ

ताई, तीस लाइफ दिल्या असत्या अभ्यासाला तर जिंकला असता.

---

उडालेला_फ्यूज

आयडी बघून कळलंच असेल, मी अनुभवाचे बोल सांगायला आलोय.

चष्मिस, काका म्हणतात म्हणून अॅडाप्टर शोधायला जाशील. कृपया आधी हे वाच. दोन वर्षांपूर्वी मी असाच एक डबा घेतला, पाय आत ठेवला, आणि हुशारी अशी केली की मागचं जुनं गोल पॉवर सॉकेट तसंच वापरायचं. 'दिसायला ओरिजिनल' राहील ना! वायरी ओढून सॉकेट थेट पायच्या ५ व्होल्टच्या पिनेला जोडलं. मग एका रविवारी मेव्हणा आला, त्याने माळ्यावरचा जुना अॅडाप्टर सापडला म्हणून कौतुकाने लावला. ते अॅडाप्टर ९ व्होल्टचे. शिवाय या जातीच्या बऱ्याच मशीनांत मधली पिन निगेटिव्ह आणि बाहेरची पॉझिटिव्ह, म्हणजे आपल्या सवयीच्या उलट. पायने 'टिक्' एवढाच आवाज केला. वास मात्र हॉलभर. मेव्हणा म्हणाला, "मशीनच जुनं झालं असेल रे."

तर: एक, जुन्या मशीनला लावणार असशील तर डब्याखालचं चिन्ह बघ, मल्टिमीटरने तपास, मगच लाव. दोन, पायला त्याचाच ५ व्होल्ट ३ अँपिअरचा यूएसबी-सी अॅडाप्टर. तीन, जुनं गोल सॉकेट ठेवायचंच असेल तर आतून तारा तोडून ठेव. शोभेचं.

---

कथीलवाला

फ्यूजरावांना अनुमोदन. जुन्या बोर्डावर ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, पत्र्याच्या तुकड्याला स्क्रूने आवळलेला. ९ व्होल्ट आत, ५ बाहेर, मधले ४ व्होल्ट नुसती उष्णता. कुणाच्या डोक्यात येईल की त्याचेच ५ व्होल्ट पायला द्यावेत, तर तो बिचारा जेमतेम एक-दीड अँपिअरचा गडी. पायला तीन लागतात. त्याच्याच्याने ते होणार नाही.

---

रसायनबाई

पिवळेपणाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. (शाळेत रसायनशास्त्र शिकवते. सवय.)

हे प्लास्टिक एबीएस आहे. आग लागू नये म्हणून त्या काळी त्यात ब्रोमिनची संयुगं घालत. वर्षानुवर्षं ऊन आणि हवा लागून ती आणि प्लास्टिक दोन्ही बिघडतात आणि रंग पिवळा-तपकिरी होतो. घासून जात नाही, कारण तो मळ नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश एकत्र मिळाले की रंग उतरतो. ब्यूटी पार्लरला सामान पुरवणाऱ्या दुकानात केस ब्लीच करण्याचं १२ टक्क्यांचं क्रीम डेव्हलपर मिळतं, ते ब्रशने सारखं लावायचं, वरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. तास-दोन तासांनी फिरवून पुन्हा लावायचं. क्रीम वाळलं तर तिथे पांढरे पट्टे पडतात आणि ते मग कशानेच जात नाहीत.

हातमोजे आणि चष्मा घालायचाच. कागदी स्टिकर आणि रंगीत बटणं आधी काढून ठेवा. आणि हे कायमचं नाही, काही वर्षांनी पिवळेपणा परत येऊ शकतो.

---

टवाळ

चष्मिसला चष्मा घाला सांगणाऱ्या पहिल्या बाई.

---

शेवटची_कर्जत

गच्चीवर ठेवणार असाल तर कबुतरांसाठी रसायनबाईंनी काही उपाय सांगावा. ती पांढरे पट्टे क्रीमशिवायही पाडतात.

---

पाचव्होल्ट

अवांतर: जुनी मशीनं फोडू नयेत म्हणणाऱ्यांसाठी. निन्टेन्डोने २०१६ मध्ये स्वतःच छोट्या डब्यातला एनईएस (फॅमिकॉमचा परदेशी अवतार) काढला, त्यात ३० गेम होते. आत काय होतं? लिनक्सवर चालणारा एआरएमचा छोटा कॉम्प्युटर. सोनीने २०१८ मध्ये छोटा प्लेस्टेशन काढला, त्यात तर लोकांनी फुकट लिहिलेला, मुक्त स्रोताचा इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम). म्हणजे चष्मिस जे करू बघतोय तेच मूळ कंपन्यांनी करून विकलंय.

---

जुनंतेसोनं

त्यांनी नवे डबे बनवले हो. जुने फोडले नाहीत.

---

पाचव्होल्ट

बरं, हा मुद्दा तुमचा.

---

चाळीतला_चष्मिस

मंडळी, उघडला!

पाच स्क्रू, कथीलवाले म्हणाले तसे साध्या फुलीचे, पाचवा खरंच स्टिकरखाली. आत काय निघालं ते क्रमाने सांगतो.

१. झुरळांची अंडी. रिकामी. देवाची कृपा.

२. माझ्या तळहाताएवढा हिरवा बोर्ड. मधोमध काळा ठिपका. वर कॅसेटचा साठ पिनांचा सॉकेट, बाजूला पत्र्याच्या पंखासकट तीन पायांचा गडी.

३. तळाला डकवलेला, बिस्किटाच्या पुड्याएवढा लोखंडी पत्रा. कशालाही जोडलेला नाही. नुसतं वजन!

तीस वर्षं मी आणि दादा समजत होतो की आत एवढं काहीतरी भरलंय म्हणून तो जड लागतो. डब्याचा निम्म्याहून जास्त भाग रिकामा आहे. भंगारवाल्याने वीस रुपये कशाचे लावले ते आत्ता कळलं.

---

टवाळ

म्हणजे दिवाळीचे फटाके लोखंडाच्या पत्र्यासाठी वाचवले. दादाला सांगू नकोस.

---

कथीलवाला

अरे मग भांडण मिटलंच की! जुना बोर्ड हलवूच नकोस. पत्रा काढ, त्या जागेवर पाय बसव. दोघं एका डब्यात. जुनंतेसोनं खूश, पाचव्होल्ट निम्मा खूश.

कसं करायचं ते लिहितो, घाईत करू नकोस.

आधी जुना बोर्ड चालतो का बघ. ९ व्होल्ट शोधत फिरायची गरज नाही. ७८०५ ची ५ व्होल्ट बाहेर देणारी पिन आणि जमीन (ग्राउंड), या दोन ठिकाणी चांगले ५ व्होल्ट दिले तरी बोर्ड उठतो. त्याआधी तो ७८०५ काढून टाक, उलटा करंट नको. पिवळ्या पिनेतून व्हिडिओ टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला.

पुढे एकाच ५ व्होल्टच्या अॅडाप्टरवर दोघं चालतील. जुना बोर्ड फार काही खात नाही. समोरचं सरकतं पॉवर बटण जुन्या बोर्डाला राहू दे. रीसेटचं बटण पायला दे. पायच्या ४० पिनांच्या पट्टीवर ५ आणि ६ नंबरच्या पिना शेजारीशेजारी असतात. ५ म्हणजे जीपीआयओ ३ (बटणं वगैरे जोडायची पिन), ६ म्हणजे जमीन. बंद पाय या दोन पिना क्षणभर जोडल्या की जागा होतो. आणि कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाऊनची एक ओळ टाकलीस की चालू पाय त्याच बटणाने नीट बंदही होतो. तडक वीज तोडायची नाही, मेमरी कार्डावरची फाइल सिस्टिम बिघडते. लहान मुलाला हे शंभरदा सांगावं लागेल, म्हणून बटणच तसं ठेव.

---

उडालेला_फ्यूज

शंभरदा सांगून मेव्हणा ऐकत नाही, पोर काय ऐकणार. बटणाची आयडिया झकास. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

पाचव्होल्ट

रिमोटचं काय करणार? ते मी सांगतो, इथे मला गती आहे.

या मशीनच्या रिमोटमध्ये आठ बटणांसाठी आठ तारा नसतात. मशीन 'लॅच'चा इशारा देतं, रिमोटमधली चिप त्या क्षणी आठही बटणांची स्थिती टिपते, मग 'क्लॉक'च्या एकेका ठोक्याला एकेक बटण 'डेटा'च्या तारेवरून सांगते. म्हणजे ५ व्होल्ट, जमीन, लॅच, क्लॉक, डेटा. पाच तारा. अस्सल रिमोटमध्ये हे काम ४०२१ नावाची शिफ्ट रजिस्टर चिप करायची, आपल्या नकलीत तिथेही काळा ठिपका. बोलण्याची रीत मात्र तीच.

या तारा थेट पायच्या पिनांना लावायच्या नाहीत! पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, ५ सहन करत नाहीत. मध्ये एटीमेगा ३२यू४ चिपवाला छोटा अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड), प्रो मायक्रो म्हणतात तो, ५ व्होल्टचा घे. तो रिमोट वाचेल आणि यूएसबीवरून पायला सांगेल की मी गेमपॅड आहे. प्रोग्रॅम पन्नास ओळींचासुद्धा होत नाही. हाच तुझ्या मुलाकडून लिहून घे, अभ्यास आणि गेम एकत्र. मीराताईंचा प्रश्नही सुटला.

डावं सॉकेट जुन्या बोर्डाला राहू दे, उजवं प्रो मायक्रोला. नऊ पिनांतली कुठली कशाची हे तारेच्या रंगावरून ठरवू नकोस. एका डब्यात जमीन काळी, दुसऱ्यात लाल पाहिलीय मी. मल्टिमीटर बीपवर ठेव आणि एकेक तार शोध.

---

मीराताई_वसई

प्रश्न सुटला नाही, पण उत्तर आवडलं.

---

चाळीतला_चष्मिस

सामानाची यादी घेऊन शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. ग्रँट रोडला पूर्वेला उतरून चालत. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, टॅक्सीवाल्यापासून बायकोपर्यंत सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन. रविवारी बरीच दुकानं बंद असतात हे मागच्या आठवड्यात जाऊन समजलं होतं.

एका दुकानात प्रो मायक्रो मागितला तर त्याने ३.३ व्होल्टचा दिला. घरी येऊन बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं. आता परत जायचं. आणखी काही आणायचं असेल तर आताच सांगा, तिसरी खेप बायको होऊ देणार नाही.

---

कथीलवाला

पितळी खुंट २.५ एमएमचे, पायच्या चार भोकांना. मायक्रो-एचडीएमआय ते एचडीएमआय अशी पॅनेलवर आवळता येणारी केबल. तशीच यूएसबीची दोन. पायचे पोर्ट डब्याच्या भिंतीशी भिडवायच्या नादात लोक सगळी मागची भिंत कापतात, त्यापेक्षा पाय मध्ये ठेव आणि केबलने तोंडं बाहेर आण. बारीक पंखा ५ व्होल्टचा. ६०/४० चं कथील, फ्लक्स. कापायला हॅक्सॉचं नुसतं पातं कापड गुंडाळून, आणि बारीक कानस. ग्लू गन फक्त तारा धरायला, बोर्ड चिकटवायला नाही.

---

शेवटची_कर्जत

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), स्टेशनच्या बाहेरचा वडापाव यादीत नाही म्हणून निषेध.

---

जुनंतेसोनं

चष्मिस, जुन्या बोर्डाचं काय झालं? चालला का?

---

चाळीतला_चष्मिस

काका, चालला! ५ व्होल्ट थेट दिले. आईच्या शेजारणीकडे अजून जुना खोक्याचा टीव्ही आहे, तिथे नेऊन जोडला. आधी नुसत्या उभ्या रेषा. कॅसेट काढली, फुंकर मारली (माहितीय, फुंकरीने उलट दमट हवा जाते, पण हात आपोआप गेला), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसल्या, आणि तो मेनू आला. ती ट्यँव-ट्यँव धून. शेजारच्या काकू आतून म्हणाल्या, "आला का तुमचा तो आवाज परत."

बंदुकीने बदकंही मारली. पण घरी नव्या एलईडी टीव्हीला लावल्यावर बंदूक मेली. एकही बदक पडेना. बंदूक बिघडली का?

---

कथीलवाला

बंदूक ठीक आहे, टीव्ही वेगळा आहे. घोडा दाबला की मशीन क्षणभर पडदा काळा करून बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतं. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे, त्याने त्या नेमक्या वेळी उजेड पाहिला की बदक पडलं. खोक्याच्या टीव्हीत चित्र ओळीओळीने रंगतं, सेकंदाला पंधरा हजारांवर ओळी, आणि बंदुकीतली सर्किट त्याच लुकलुकण्यावर बेतलेली. बल्बकडे रोखून फसवता येऊ नये म्हणून. एलईडी टीव्हीत ती लुकलुक नाही आणि चित्रही उशिरा येतं. शेजारच्या काकूंशी संबंध चांगले ठेव.

---

टवाळ

म्हणजे लहानपणी ट्यूबलाइटवर रोखून बदकं मारणारा तो शेजारचा पोरगा थापा मारत होता.

---

चाळीतला_चष्मिस

प्रगती कळवतो. तीन रविवार गेले.

पाय बसला. रीसेटने उठतो, रीसेटने झोपतो. प्रो मायक्रोचा प्रोग्रॅम मुलाने लिहिला म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण कुठलं बटण कुठल्या क्रमाने येतं हे त्याने एकेक दाबून वहीत लिहिलं: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. वही अजून देत नाही कुणाला.

आता अडचण. डबा बंद करून अर्धा तास चालवला की ८० अंशाचा इशारा येतो आणि सगळं मंदावतं. मे महिना, खोलीतच ३३-३४.

---

कथीलवाला

८० ला पाय स्वतःच वेग कमी करतो, काही जळत नाही. पण तुझा डबा म्हणजे झाकण लावलेला कुकर. पंखा कुठे लावलास?

---

चाळीतला_चष्मिस

मागच्या भिंतीला, आत हवा ढकलणारा.

---

कथीलवाला

आत ढकललीस, बाहेर कुठून जाणार? वर कॅसेटची खाच आहे ना, आयती चिमणी आहे ती. पंखा त्या खाचेच्या बाजूला हवा वर फेकेल असा लाव, आणि पायच्या खाली तळाला आठ-दहा भोकं पाड. डब्याला खालून रबराचे पाय लाव म्हणजे हवा शिरेल. चिपवर अॅल्युमिनियमचा हीटसिंक हवाच. पायवर काम करताना कॅसेट काढून ठेवायची, एवढाच नियम.

---

रसायनबाई

आणि खाच उघडी राहणार असेल तर झुरळांसाठी आतून बारीक जाळी लावा. पुन्हा अंडी नकोत.

---

चाळीतला_चष्मिस

जाळी, भोकं, चिमणी सगळं झालं. आता ६५ च्या वर जात नाही. रंगही उतरलाय, पाठीमागे एक पांढरा पट्टा पडला (बाई, सांगितलं होतंत, चूक माझी).

पण एक विचित्र गोष्ट. पायवर तोच मारिओ लावला तर मला जमतच नाही. पहिल्याच खड्ड्यात पडतो. शेजारच्या काकूंकडे जुन्या बोर्डावर मात्र डोळे मिटून तिसऱ्या पातळीपर्यंत जातो. वय झालं म्हणावं तर दोन्हीकडे वय तेच. एचडीएमआयमुळे उशीर होतोय का?

---

पाचव्होल्ट

थोडा उशीर टीव्हीमुळे होतो, त्यासाठी टीव्हीत 'गेम मोड' लाव. पण तुझी तक्रार वेगळी आहे आणि ती खरी आहे! जपान-अमेरिकेचे टीव्ही सेकंदाला ६० चित्रांचे, आपले पाल पद्धतीचे ५०. हे गेम दर चित्रागणिक एक पाऊल टाकतात. म्हणजे आपल्याकडे आलेल्या मशीनवर तोच मारिओ एक षष्ठांशाने हळू पळायचा. अस्सल युरोपी मशीनमध्ये प्रोसेसरही बराच हळू केला होता. आपल्या नकलांमध्ये तो जवळजवळ तेवढाच ठेवला, १.७९ च्या जागी १.७७ मेगाहर्ट्झ. म्हणून सूर तोच राहिला, फक्त लय संथ. रशियातही हीच जात 'डेंडी' नावाने विकली जायची. तू पायवर पहिल्यांदाच मूळ वेगाचा मारिओ खेळतोयस.

इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये प्रदेश म्हणून 'डेंडी' निवड आणि बघ.

---

शेवटची_कर्जत

म्हणजे आपण सगळे लहानपणी स्लो लोकलमध्ये होतो आणि जपानी पोरं फास्टमध्ये?

---

जुनंतेसोनं

म्हणूनच म्हटलं होतं बोर्ड फेकू नका. तो नसता तर हा फरक कशावरून कळला असता?

---

पाचव्होल्ट

काका, हाही मुद्दा तुमचा. माझ्याकडे आता मुद्दे उरलेच नाहीत.

---

संपादक

गेमच्या फाइली कुठून उतरवायच्या याचे दुवे टाकलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. इम्युलेटरवर बोला, कुणाच्या हक्काच्या गेमची वाटणी इथे नको.

---

टवाळ

९९९९९९ गेमची कॅसेट चालते पण दुवा नाही. हघ्या (हलके घ्या).

---

चाळीतला_चष्मिस

'डेंडी' लावलं. पहिल्या फटक्यात खड्डा पार. हात तिथल्या तिथे जातो. मुलगा मात्र म्हणतो, हे काय रटाळ, ६० वरच ठेवा. आता घरात दोन सेटिंग आहेत, त्याचं आणि माझं, आणि रिमोट कुणी आधी घेतला त्यावर ठरतं.

दादा काल पुण्याहून आला होता. पत्र्याची गोष्ट सांगितली (टवाळ, सॉरी). त्याने पत्रा हातात घेतला, थोडा वेळ बघितला आणि म्हणाला, "तो परत आत घाल, हलका लागतोय." जागा नाही म्हटलं तर तळाला बाहेरून चिकटव म्हणाला. आज एम-सील आणलंय.

---

कथीलवाला

तळाची भोकं सोडून चिकटव रे बाबा.

---

उडालेला_फ्यूज

धागा वर काढतोय. माझ्याकडेही तसलाच डबा पडलाय, पाय जळाला तो. आतला जुना बोर्ड मी तेव्हा फेकून दिला होता. कुणाकडे काळ्या ठिपक्याचा, साठ पिनांच्या सॉकेटचा बोर्ड असेल तर सांगा. दादर ते ठाणे कुठेही येऊन घेऊन जाईन. मेव्हण्याला आणणार नाही.